एकाच बांधीत दोन धानं

त्या वर्षी रोवणीच्या तोंडावर आईचा पाय मोडला आणि शेत माझ्या अंगावर पडलं. मी बालाघाटच्या कोर्टात टायपिंग करणारा माणूस. सुट्टी टाकून खैरलांजीकडच्या आमच्या गावी गेलो. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, दोन वाफ्यांत शेजारी शेजारी उभे होते. एकात हलकं धान, दिवाळीच्या आसपास पिकणारं. दुसऱ्यात भारी, महिनाभर उशिरा येणारं. आईनं खाटेवरूनच बजावलं, "हलकं वरच्या बांधीत, भारी खालच्या. पाणी खालीच टिकते." बांधी म्हणजे बांध घातलेलं खाचर.

बायका पऱ्हे उपटून पेंड्या बांधत होत्या, मी वाहत होतो. दुपारी जोराची सर आली, सगळे मोहाच्या झाडाखाली पळालो. परत आलो तर कोणता ढीग कशाचा, कळेना. सारखंच हिरवं. विचारायची लाज वाटली. अंदाजानं उचलत गेलो.

दिवाळीच्या आधी पुन्हा सुट्टीवर आलो, तेव्हा वरची बांधी पिवळी पडू लागली होती, पण इथं पिवळी तर दोन हातांवर हिरवीगार. आई काठी टेकत बांधावर आली.

"हे काय करून ठेवलं रे?"

"मले समजलंच नाही व माय."

"मंग तवाच काहून नाही विचारलं?"

कापावं तर हिरव्या लोंबीत अजून दूध. थांबावं तर पिकलेलं झडून जाणार. शेजारचे काका म्हणाले, काप. काकू म्हणाल्या, थांब. हार्वेस्टरवाला फोनवर म्हणाला, "भैया, पहले तय तो कर लो." मी रोज विळा घेऊन जायचो आणि तसाच परत यायचो.

पाचव्या दिवशी आईनं माझ्या हातातला विळा घेतला, ती बांधावर बसली आणि हाताशी येईल ती पिवळी लोंबी कापू लागली. "भाजी तोडतो तसं. वेचून." एका दिवसाचं काम आठ दिवस चाललं. माझ्याच पायांखाली कितीतरी हिरवं तुडवलं गेलं. उरलेलं पाण्यावाचून पोचट निघालं.

तो तांदूळ आम्ही घरीच खाल्ला. एकाच भातात काही शितं मऊ, काही टणक. पुढच्या आषाढात तिचा फोन आला, "औंदा येशील ना रोवणीले?" मी "हौ" म्हणालो. तिला माझा भरवसा वाटत होता, की दुसरं कोणी नव्हतंच, ते मला आजही कळलेलं नाही.