सही खरी असल्याची सही

आमच्या भोरच्या कंपनीच्या गोदामातली हिरड्याची पोती वर्षातून एकदा तरी हलायची. किस्से मात्र येतच राहायचे, जायचं नाव नाही!

संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती. आमचा हिरडा कातडी कमवायला विलायतेला जायचा. एकदा लंडनच्या बँकेनं कळवलं, "खात्यावर सही कोण करणार, त्याचा कंपनीचा ठराव पाठवा. शिक्का मारून, नोटरीसमोर सह्या करून, वर सरकारी दाखला घेऊन." ठराव पोचल्याशिवाय माल बोटीवर चढणार नव्हता. पाऊस तोंडावर, आणि मी कंपनीचा एकुलता एक कारकून!

*

शिक्का पितळी. दाबला की कागदावर अक्षरं उठायची. तो चेअरमन आप्पांच्या उत्रोलीच्या घरी असे. मी दाबला, तर अक्षरंच उठेनात! टाचणीनं कोरलं, तर वाळलेलं पीठ निघालं.

"आप्पा, हे काय?"

आप्पांनी स्वयंपाकघराकडं बघितलं. आतून काकू म्हणाल्या, "शंकरपाळ्यावर लई झ्याक नक्षी उठती त्येची!"

*

दुसरे डायरेक्टर धोंडीबा. विंझरच्या वरच्या अंगाला शेरडं राखायचे, रानातला हिरडा गोळा करून द्यायचे. त्यांना आणि आप्पांना घेऊन मी पुण्याला नोटरीकडं गेलो.

नोटरीसाहेबांनी धोंडीबांना विचारलं, "स्वखुशीनं अंगठा देताय ना?"

"खुशी कुठली, सायेब? भोरपासनं एस्टीत हुबा हुतो!"

*

मग साहेबांनी पुढची वाट समजावली. तुमच्या सह्या खऱ्या, असं मी लिहिणार. माझी सही खरी, असं मुंबईचं सचिवालय लिहिणार.

धोंडीबांनी नीट ऐकून घेतलं. "आन् त्या मुंबैवाल्याला लंडनात कोन वळखतं?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "अंगठा द्या."

*

धोंडीबांना साहेबांचा शिपाई ओळखत होता, आप्पांचं मात्र अडलं. साहेब म्हणाले, "मी यांना ओळखत नाही. माझ्या ओळखीच्या माणसानं ओळख पटवायला हवी."

साहेबांच्या ओळखीचा आणि आप्पांना ओळखणारा माणूस एकच, इथंच पुण्यात साहेबांच्या शेजारी राहणारे बापू मास्तर. आप्पांचे सख्खे थोरले भाऊ! शेताच्या बांधावरून दोघांत बारा वर्षं बोलणं नव्हतं. आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या त्यो ठराव." पण गोदामातला हिरडा माझ्या डोळ्यांपुढं होता. मी न विचारताच बापूंना बोलावून आणलं.

बापू आले, उभेच राहिले. आप्पा खाली फरशीकडं बघत बसलेले.

"यांना ओळखता?"

बापूंनी बराच वेळ बघितलं. "ओळखतो."

"कधीपासून?"

"मधली बारा वर्षं सोडून, जन्मापासून."

साहेबांचं पेन थांबलं. "मास्तर, असं तोडून लिहिता येत नाही. सलग लिहावं लागतं."

मग मान खालीच ठेवून आप्पा म्हणाले, "मंग सलगच लिवा, सायेब."