पिंजऱ्यातला गरुड आमच्या माळावर

दुष्काळात आमची निम्मी शेरडं गेली. उरलेल्यांवर सासूबाई कळप पुन्हा उभा करत होत्या, तेव्हाच जंगलखात्याच्या साहेबांनी आमच्या माळावर गरुड आणून सोडला. केम स्टेशनच्या पलीकडे आमची वस्ती. या माळावर पूर्वी गरुड असायचे, ते पुन्हा दिसले पाहिजेत, असं साहेबांचं म्हणणं. आम्हाला कोणी विचारलं नाही.

रानातला पक्षी माणसाची चाहूल लागताच उडतो. हा सोलापुरात पिंजऱ्यात वाढलेला, माणसाच्या हातून मटण खाल्लेला. मी अंगण झाडत असले तरी समोरच्या बाभळीवरून हलायचा नाही. एका सकाळी दारातच शेळी व्याली. मी पाणी आणायला वळले, तेवढ्यात त्यानं ओलं करडू उचललं. मी दगड मारत बांधापर्यंत धावले. मागं शेळी ओरडत होती. त्यानंतर तो येतच राहिला. सासऱ्यांनी गोफण काढली, तर जंगलखात्याचा गार्ड म्हणाला, "मारलात तर आत जाल."

मग एक दिवस साहेब जीपमधून पाहुण्यांना गरुड दाखवायला आले. सोबत त्याला पिंजऱ्यात सांभाळणारा नोकरही होता. आम्ही शेरडं जरा बाजूला न्यावीत, म्हणजे फोटो चांगला येईल, असं त्यांनी सांगितलं. सासूबाई पुढं झाल्या.

"आमची करडं खातोय त्यो."

"निसर्गाचा नियमच आहे तो, बाई," साहेब हसून म्हणाले.

"निसर्ग? मग पिंजऱ्यात त्याला मटान कोण चारत हुतं? तुमच्या बंगल्याम्होरं सोडा की त्याला!"

पाहुणे हसले. त्या हसण्यानं माझ्या अंगाची लाही लाही झाली. मोठ्यांपुढं तोंड उघडायची मला मुभा नव्हती. मी सरळ जीपच्या पुढच्या चाकाला पाठ लावून बसले. वस्तीतल्या जावा, नणंदा येऊन शेजारी बसल्या. सासरे म्हणाले, "ऊठ पोरी." मी उठले नाही.

साहेब ओरडले, पोलिसांचं नाव काढलं. ऊन चढलं, पाहुणे पाणी मागू लागले. कुणी दिलं नाही. शेवटी साहेबांनी नोकराला खूण केली. त्यानं मटणाचा तुकडा धरून शीळ घातली, आणि तो गरुड बाभळीवरून उतरून पाळलेल्या कोंबडीसारखा त्याच्या पुढ्यात आला. नोकरानं त्याच्यावर पोतं टाकून त्याला जीपमध्ये ठेवलं. मगच मी उठले.

गेलेल्या करडांबद्दल साहेब एक शब्द बोलले नाहीत. पुढं कचेरीत ते सांगत म्हणे, अडाणी बायकांमुळं गरुड माळावर टिकला नाही. कळप सावरायला बराच काळ गेला. पिंजऱ्यातलं पाखरू उघड्या माळावर सोडून त्याला आमच्या दारातली करडं खायला घालणारा माणूस शहाणा ठरला, आणि आम्ही अडाणी. आज म्हातारी झाले, तरी हे मी विसरलेले नाही.