चिमीचं विसर्जन

भूतबित माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. तीस वर्षं सातपूरच्या कारखान्यात लेथ मशीनवर काढलीत. भूत आलं असतं तर त्यालाही सेकंड शिफ्टला उभं केलं असतं. पण हे घडलंय... आणि यात भूत नाही, कोळी आहे.

लेक पिंकी तेव्हा आठवीत. तिने उड्या मारणारा कोळी पाळला होता — शेंगदाण्याएवढा, केसाळ, मांजरासारखी झेप घेणारा. मुक्काम प्लास्टिकच्या बरणीत, नाव चिमी. मे महिन्यात पिंकी मावशीकडे वणीला निघाली, तेव्हा मला बजावून गेली, "पप्पा, दोन दिवसांआड एक माशी आणि ब्रशने पाण्याचा एक थेंब. लाड करू नका."

मी लाड केले. आमच्याकडचे डास चिमणीएवढे. रोज चार टाकायचो. पाचव्या दिवशी चिमीने स्वतःला पांढऱ्या रेशमात गुंडाळून घेतलं. माशीला शिवेना, टिचकी मारली तरी हलेना. आठवडाभर वाट पाहिली.

"मारलंत ना पोरीचं जनावर?" बायको म्हणाली. "आता तीच बघेल तुमच्याकडे."

सकाळी बरणी घेऊन बसने गंगेवर, म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदावरीवर गेलो. लोक अस्थी सोडत होते, मी चिमट्याने ते पांढरं गाठोडं सोडलं. बुडताना डोळ्यांनी पाहिलं. शेजारी विधी सांगणाऱ्या गुरुजींनी हळूच विचारलं, "कोण होतं?"

"घरातलंच," म्हटलं.

बरणी, झाकण तिथेच तीनदा विसळलं, रुमालाने पुसून घरी आणलं.

संध्याकाळी पिंकीचा व्हिडिओ कॉल. "पप्पा, चिमी दाखवा ना." खरं सांगायचं ठरवलं होतं. रिकामी बरणी मोबाइलपुढे धरली आणि मान फिरवली.

"अय्या पप्पा... हिने कात टाकली. केवढी झालीये."

वळून पाहिलं. चिमी बरणीला चिकटून माझ्याकडेच टक लावून बघत होती, नवी कोरी. तळाशी जुनी कात.

"पप्पा, रडताय?"

"कांदा चिरतोय."

"यांना कांदा चिरता येतो कधीपासून?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

चिमी पुढे वर्षभर जगली. पिंकी आता पुण्याला कॉलेजात, फोन रविवारचा रविवार. बायको म्हणते, कात टाकायला विणलेलं नुसतं जाळं सोडून आला असाल, ती राहिली असेल झाकणाला. असेल... पण झाकण मीच तीनदा विसळलं होतं. मग मी बुडवलं ते काय, मला आजही सांगता येत नाही. पिंकीला यातलं काही माहीत नाही. तिने हे इथे वाचलं की मधल्या वारी फोन येईल. भांडायला का होईना, येऊ दे.