खड्ड्यातली माती

राजेश्वरीला एका जागी बसणं कधी जमलंच नाही. मिरजगावच्या शाळेत ती बाक सोडून खिडकीशी उभी राहायची. नगरच्या कॉलेजात एम.एस्सी.ला आली तरी प्रयोगशाळेत येरझाऱ्याच. तिला हवा होता एक विषाणू. माणसांना छळणारा नव्हे, डाळिंबावरच्या तेल्या रोगाच्या जीवाणूंना फोडून मारणारा. तो मातीत मिळतो, म्हणून तिनं आईला, रतनबाईंना, घरच्या डाळिंबाच्या बागेतली माती पाठवायला सांगितलं.

दोन डबे आले, दोन्ही फुकट गेले. काचेच्या बशीत जीवाणूंची दुधट साय एकसंध जमायची. विषाणू असता तर त्या सायीला स्वच्छ भोकं पडली असती. तिच्या मार्गदर्शक शुभांगी मॅडमनी शनिवारपर्यंत मुदत दिली. नाहीतर विषय बदला, दह्यावर काम करा. दह्यावर निम्मा वर्ग बसलाच होता.

तिनं फोन करून माती कशी काढलीस ते खोदून विचारलं. निरोगी झाडाखालची, चाळणीनं चाळून, दोन दिवस उन्हात वाळवलेली. मॅडमसमोर जायची माती, ढेकळं कशी द्यायची? राजेश्वरीनं कपाळाला हात लावला. जिथे जीवाणूच नाहीत तिथे त्यांना मारणारा कशाला राहील? असलाच तर उन्हानं मेला.

बुधवारी सकाळच्याच एसटीनं ती गावी गेली. तेल्या आलेली फळं कुठे टाकतेस, म्हणून विचारलं. आईनं बांधाकडे बोट केलं. व्यापाऱ्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून तिनं ती बांधामागे पुरली होती.

"तिथली घान कशाला नेती?" एवढंच ती म्हणाली.

राजेश्वरीनं ओली माती डबीत भरली आणि चहाही न घेता परतली. माती पाण्यात घुसळली, जीवाणू अडतील आणि विषाणू निसटेल अशा बारीक गाळणीतून गाळली, बशीत जीवाणूंबरोबर ओतली. मग दोन दिवस नुसती तडफड.

शनिवारी बशी उजेडासमोर धरली. सायीत टाचणीच्या डोक्याएवढी सात भोकं. मॅडमनी स्वतः मोजली आणि दह्याचं नाव पुन्हा काढलं नाही.

तिनं घरी फोन लावला. रतनबाईंना एकच घोर.

"खड्ड्याचं सांगितलं व्हय मॅडमला?"

"लिहावंच लागतं, आई. नमुना कुठला ते."



"मंग नीट लिही. रतनबाईचा खड्डा हाय म्हनून."

राजेश्वरीनं तसंच लिहिलं, आणि शाई वाळायच्या आत उठली. हा विषाणू किती ऊन सोसतो, ते तपासायचं होतं.