शैला मॅडमची वेताची खुर्ची

फोन आला तेव्हा मी दादरच्या माझ्या ऑफिसात एका पक्षकाराची समजूत घालत होते. नंबर शैला मॅडमचा, आवाज मात्र पुरुषाचा. "मी समीर, शैलाताईंचा भाचा. आत्या आज सकाळी गेली. तिच्या फोनमध्ये तुमचं नाव सगळ्यात वर होतं, म्हणून आधी तुम्हालाच केला. तुम्ही तिच्या... कोण?" मी वकील आहे. दुसऱ्यांना प्रश्न विचारून भंडावणं हा माझा धंदा. पण या साध्या प्रश्नाला मी जे पुटपुटले ते असं होतं : "मी त्यांची ट्रेनी होते. म्हणजे, त्यांनी मला ठेवलं नाही. पुढे मी त्यांची वकील झाले." बिचारा समीर म्हणाला, "बरं. दुपारी नेणार आहोत. गिरगावला घरी या."

याला आता काही आठवडे झाले. माणूस गेलं की त्याच्याबद्दल लिहिणाऱ्यांना एकाएकी सगळं लख्ख दिसायला लागतं, असं मी पाहत आले आहे. मला काहीच लख्ख दिसत नाही. शैला तळपदे या बाईंनी माझं भलं केलं की मला नापास केलं, हे मला त्या होत्या तेव्हा कळलं नव्हतं, आणि आता तर विचारायचीही सोय उरली नाही. तरी लिहायला बसले आहे, कारण गप्प बसूनही काही उलगडत नाहीये.

मॅडम परळच्या एका मोठ्या लॉ फर्ममध्ये भागीदार होत्या. मोठी म्हणजे किती, तर नव्या मुलामुलींना वकिली शिकवायला तिथे वेगळा विभाग होता आणि त्याच्या प्रमुख या. वर्षभराचं ट्रेनिंग. थोडे महिने जमीनजुमल्याची कामं, थोडे कोर्टाची, थोडे कंपन्यांची, आणि वर्षाअखेर कुणाला ठेवायचं, कुणाला नारळ द्यायचा याचा निकाल. माझ्याबरोबरची मुलं बाहेरगावच्या नामांकित कॉलेजांतून आलेली, इंग्रजी पाण्यासारखं. मी लालबागच्या चाळीतली, सकाळच्या कॉलेजात शिकून दुपारी एका वकिलाकडे टायपिंग करणारी. माझी निवड झाली तेव्हा चाळीत पेढे वाटले गेले. आईने मात्र तिच्या मालवणीत एकच सांगितलं. "थंय एसी मोठो असता म्हणतत. स्वेटर घेवन जा." तिचं खरंच होतं. त्या काचेच्या इमारतीत वर्षभर मी आईने विणलेला पोपटी स्वेटर घालून बसले आणि त्यावरून टोमणे खाल्ले.

फर्ममध्ये सगळ्यांनी सगळ्यांना नावाने हाक मारायची पद्धत होती. आदित्य नावाचा आमच्यातला सगळ्यात हुशार मुलगा पहिल्याच दिवशी "हाय शैला" म्हणाला. बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "का रे, आपण एकत्र गोट्या खेळलोय का?" त्या दिवसापासून आम्हा सगळ्यांच्या त्या मॅडम झाल्या. उंच, सडसडीत, सुती साडी, केस आखूड. गिरगावातलं पिढ्यान्‌पिढ्यांचं घराणं, आजोबाही सॉलिसिटरच्या कचेरीत. स्वतः त्या जुन्या काळच्या, फोर्टातल्या अंधाऱ्या ऑफिसात उमेदवारी करून वर आलेल्या. त्या ऑफिसातली एक वेताची खुर्ची त्यांनी परळला आणली होती आणि त्या चकाचक केबिनमध्ये, येणाऱ्याने बसायला म्हणून, आपल्या टेबलासमोर ठेवली होती. ऑफिस सजवणाऱ्या माणसाने म्हणे दोनदा ती उचलून नेली आणि दोन्ही वेळा बाईंनी ती परत आणवली.

त्या खुर्चीची आम्हाला धास्ती होती. दर शुक्रवारी एकेकाने आत जायचं, वेताच्या खुर्चीत बसायचं आणि आठवडाभर ज्या कामात डोकं घातलं त्यात आपल्या अशिलाची बाजू कशी भक्कम आहे हे सांगायचं. बाई शांतपणे ऐकायच्या. आपलं सांगून झालं, आता सुटलो असं वाटतंय तोच त्या उठायच्या. "ऊठ. माझ्या जागी बस." मग त्या वेताच्या खुर्चीत आणि आपण त्यांच्या मोठ्या, फिरत्या खुर्चीत. माझे तर पायही जमिनीला टेकायचे नाहीत. "हं, आता समोरच्याचं बोल." म्हणजे आत्तापर्यंत जे मांडलं ते सगळं आपणच खोडून काढायचं. आदित्य एकदा म्हणाला, "मॅडम, या केसमध्ये समोरच्याला बाजूच नाहीये." बाई म्हणाल्या, "मग त्याने वकील कशाला केला? सुट्टी होती म्हणून?"

माझा तो शुक्रवार मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. फर्मचा अशील एक बिल्डर होता आणि विषय होता लालबागमधल्या एका चाळीच्या पुनर्विकासाचा. चाळ आमची नव्हती, पण आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. भाडेकरूंना किती हक्क आहेत आणि कुठवर नाहीत, यावर मी बिल्डरच्या बाजूने नोट लिहिली होती आणि स्वतःच्या तोंडाने सांगते, चांगली लिहिली होती. ती मांडली. बाई "ठीक" म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडून ठीक म्हणजे फार झालं. मग खुर्च्या बदलल्या. मी भाडेकरूंचं बोलायला लागले ते इंग्रजीतच, पण मधेच कधी मराठीत घुसले ते माझं मलाच कळलं नाही. सामायिक नळ, गॅलरीत झोपणारी माणसं, घर सोडताना म्हाताऱ्यांना कुठे नेणार... सगळं धाडधाड बाहेर पडलं. आवाजही चढला असावा, कारण काचेपलीकडची माणसं वळून बघत होती. माझं संपल्यावर बाई वेताच्या खुर्चीतूनच म्हणाल्या, "झालं? आता परत इकडे ये आणि पहिलं बोल."

मी उठले, वेताच्या खुर्चीत बसले, आणि मला पहिलं आठवेना. स्वतः लिहिलेलं, पाठ असलेलं, एक अक्षर आठवेना. बाई वाट बघत होत्या. रागावल्या होत्या का? नाही वाटत. खूश होत्या का? तसंही नाही. त्यांचा तो चेहरा मी नंतर कितीदा डोळ्यांसमोर आणून वाचायचा प्रयत्न केला आहे, आणि दर वेळी वेगळं वाचलं आहे. शेवटी त्या म्हणाल्या, "जा. चहा पी."

वर्षाअखेर सगळ्यांना ठेवलं, एक मला सोडून. बाईंनीच बोलावून सांगितलं. "तुला आम्ही ठेवत नाही आहोत, मेघना." मी विचारलं, का? त्या म्हणाल्या, "बोलू आपण." पण बोललो नाही. घरी येऊन आईला सांगितलं तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "नाय ठेवल्यांनी? बरा झाला. तो स्वेटर धुवन ठेव." मी मोरीत नळ सोडून रडले, म्हणजे आवाज चाळभर जाऊ नये.

पुढे मी दादरला एका जिन्याखालच्या जागेत स्वतःचं ऑफिस थाटलं. कामं आपसूकच तशी येत गेली. लालबाग, परळ, शीव, वडाळा, जिथे म्हणून जुनी चाळ पाडायची निघाली तिथले भाडेकरू माझ्याकडे. नाव झालं थोडंफार. मग लोकांनी एक छान गोष्ट तयार केली. तुझ्यातलं खरं काय ते शैलाने ओळखलं आणि म्हणून तुला मोकळं केलं! मला या गोष्टीचा संताप येतो. ओळखलं होतं तर सांगायला काय तोंड शिवलं होतं? आणि नुसतंच नापास केलं असेल, तर माझ्या कष्टांचं श्रेय त्यांच्या पदरात का घालायचं? एखाद्या दिवशी केस जिंकून कोर्टाचा जिना उतरताना मलाही ती गोष्ट खरी वाटायची, आणि हरले की वाटायचं, बाईंना तेव्हाच कळलं होतं हिला जमणार नाही.

आणि अशात एक दिवस जिन्याखाली वाकून त्या स्वतः आत आल्या. निवृत्त झाल्या होत्या, काठी आली होती. "वकील हवाय," म्हणाल्या. गिरगावातली त्यांची पागडीची, म्हणजे जुन्या भाडेहक्काची, खोली ज्या इमारतीत होती ती पाडायची निघाली होती. बिल्डरचे वकील म्हणजे आमचंच जुनं ऑफिस, आणि फाईल आदित्यकडे. मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही माझ्याकडे? तुम्हाला मुंबईतला कुठलाही वकील मिळेल." "म्हणून तर आले." याचा अर्थ काय घ्यायचा? मी काहीच घेतला नाही, फाईल घेतली. मग दर आठवड्याला त्या यायच्या आणि मला माझ्याच खुर्चीतून उठवायच्या. "आदित्यला मी शिकवलंय. तो काय बोलणार ते तू आधी बोल." बिल्डरची बाजू मी इतकी जोरात मांडायची की बाहेर बाकावर बसलेले भाडेकरू घाबरून एकमेकांकडे बघायचे.

एकदा धीर करून विचारलंच. "मॅडम, तेव्हा मला का नाही ठेवलंत?" त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "माझ्या खुर्चीत तू पुष्कळदा बसली आहेस. माझ्या बाजूने तूच बोल." मी चिडून म्हटलं, "मी ट्रेनी नाही आता." "मग तर सोपं जाईल," म्हणाल्या आणि हसल्या.

शेवटची भेट गिरगावच्या घरी झाली. बिल्डरशी तडजोड चांगली झाली होती, सह्या व्हायच्या होत्या. त्या पलंगावर, अंगात काही उरलं नव्हतं. स्वयंपाकाच्या बाईंकडून माझ्यासाठी कोळंबीचं भुजणं करून घेतलं होतं. स्वतः एक घासही घेतला नाही. मी जेवताना नुसत्या बघत होत्या. मी हात धुऊन आले तर म्हणाल्या, "अजून उत्तर नाही आलं तुझं." मी म्हटलं, "आता तुम्हीच सांगून टाका ना." त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या. मग डोळे न उघडताच म्हणाल्या, "काय सांगू..." पुढे काही बोलल्या नाहीत. मी पंखा कमी केला आणि निघाले.

फर्मने शोकसभा घेतली, त्याच काचेच्या इमारतीत. थंडीने मी कुडकुडत होते. आदित्य आता तिथे भागीदार आहे, केस पिकलेत. तो मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "तुला माहितेय? त्या वर्षी मॅडम तुझ्यासाठी निवडीच्या कमिटीशी भांडल्या होत्या. कमिटीने ऐकलं नाही." पाच मिनिटांत डिसूझा बाई भेटल्या, ट्रेनींची सगळी व्यवस्था तेव्हा त्या पाहायच्या. त्यांना मी आदित्यचं सांगितलं. "नो नो, डिअर. कमिटीने सगळ्यांना यस म्हटलं होतं. तुझं नाव शैलाने स्वतः काढलं. आय वॉज इन द रूम." दोघंही सज्जन, दोघांनाही खोटं बोलायचं काही कारण नाही. कोर्टात असते तर दोघांची उलटतपासणी घेतली असती. तिथे मी हातात समोसा घेऊन उभी राहिले.

खोली रिकामी करताना समीरने विचारलं, "आत्याची वेताची खुर्ची तुम्हाला हवीय का?" निवृत्त होताना त्या ती घरी घेऊन आल्या होत्या. मी टॅक्सीच्या टपावर बांधून दादरला आणली. आता ती माझ्या टेबलासमोर असते. एका बाजूचा वेत सैल झालाय, जड माणूस बसला की कुरकुरते.

माझ्याकडेही यंदा कायद्याची एक विद्यार्थिनी शिकायला येत होती, ऋतुजा नावाची. कॉटन ग्रीनहून यायची, चटपटीत, कामाला वाघ. तिचे महिने संपत आले तसं तिने विचारलं, "मॅडम, पुढे मला ठेवणार ना?" जागा एकीची आहे, मला माणूस हवंय, पोरगी चांगली आहे. आणि तरी माझ्या तोंडून हो निघेना. नाही म्हणावं तर त्यालाही कारण सापडेना. "बोलू आपण," असं म्हणाले आणि ते शब्द कानावर पडताच मी उठले. "ऊठ गं. माझ्या जागी बस." ती गोंधळून बसली. मी वेताच्या खुर्चीत बसले. "मी आहे ऋतुजा. तू मेघना परब. आता सांग, तू मला ठेवणार की नाही, आणि का?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. या पोरींना भीड अशी नसतेच. म्हणाली, "खरं सांगू का ऋतुजा, मला माहीत नाही. कळत असतं तर एव्हाना सांगितलं नसतं का?"

खुर्ची कुरकुरली. मला हसू आलं आणि मग ते हसू राहिलं नाही. पोरगी घाबरून पाणी आणायला धावली. इतकी वर्षं मी बाईंच्या बाजूने काय काय बोलून पाहिलं होतं. त्यांनी ओळखलं, त्यांनी नाकारलं, त्या भांडल्या, त्यांनीच नाव काढलं. हे एवढं मात्र कधी बोलले नव्हते... की कदाचित त्यांनाही माहीत नसेल.

ऋतुजाला सोमवारपासून यायला सांगितलंय. का, ते विचारू नका. आणि मॅडम, माझं उत्तर आलंय. पण ते बरोबर आहे का, हे सांगायला समोर तुम्ही नाही आहात.