माझ्यासाठी घेतलेला माईक

मी ‘उजवीकडे गिरकी’ म्हटलं, ते स्पीकरमधून जरा उशिरा बाहेर पडलं. काही बायका माझ्याकडे बघून वळल्या, बाकीच्या सरळ पुढे आल्या. मालतीताई मधे सापडल्या आणि हातावर पडल्या. मनगट मोडलं.

मी कोल्हापुरात बायकांच्या गोलनाचाचे वर्ग घेते. झिम्मा, गरबा आणि थोडा व्यायाम, असं एकत्र. त्यात माझं मुख्य काम कॉलिंगचं. म्हणजे पुढची स्टेप ठेका पडायच्या आधी माईकवरून सांगायची. उशिरा सांगण्यापेक्षा न सांगितलेलं बरं.

हॉल एका महिला मंडळाचा, माईकही त्यांचाच. मंडळाच्या अध्यक्ष वैशालीवहिनींनी ऑनलाइन मागवलेला ब्लूटूथ हेडसेट. ब्लूटूथवर आवाज पोचायला किंचित वेळ लागतो. फोनवर बोलताना ते जाणवत नाही, नाचताना जाणवतं. शिवाय तो खरखरायचा, म्हणून माईक असूनही ओरडावं लागायचं. हे मी वहिनींना आधीही सांगितलं होतं.

“बायकांचं लक्षच नसतंय,” वहिनी म्हणाल्या. “मशीन काय करणार?”

“हाड मोडलंय वहिनी. हा माईक बदलल्याशिवाय मी वर्ग घेणार नाही.”

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, “तुम्हीच निवडा. मंडळ घेईल.”

शाहूपुरीतल्या एका दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं, “गाणारं कोण हाय?”

“गायचं नाही. नाचता नाचता बोलायचंय.”

“मग कॉलरचा नको. पदर घासला की खरखर येतीय. अन् स्पीकरम्होरं गेलासा की शिट्टी मारतोय.”

त्यानं दोन हेडसेट काढले. दोन्ही यूएचएफ, म्हणजे वायफाय-ब्लूटूथच्या गर्दीपासून वेगळ्या लहरींवर चालणारे. आवाज लगेच पोचतो. कंबरेला आवाज पाठवणारी डबी, गालाजवळ बारीक दांडी. दांडीचं टोक तोंडासमोर नको, ओठांच्या कडेला हवं, नाहीतर श्वासाचे फटके ऐकू येतात. मी म्हटलं, हॉलवर वापरून बघितल्याशिवाय घेणार नाही. तो तयार झाला.

हॉलवर वर्गातल्या बायकांना बोलावलं आणि लहरींची गर्दी व्हावी म्हणून सगळ्यांना फोन चालू ठेवायला सांगितलं. पंखे लावले. उड्या मारल्या, कोपऱ्यात गेले, स्पीकरसमोर उभी राहिले. एका सेटचा आवाज मी पाठ फिरवली की तुटायचा, कारण डबी आणि स्पीकरला जोडलेल्या रिसीव्हरच्या मधे माझं अंग यायचं. दुसऱ्याचा मी घामानं भिजले तरी एकदाही तुटला नाही. तो सेट घेतला.

पहिल्या वर्गाला मालतीताई प्लास्टर घालून खुर्चीवर बसल्या होत्या. एकही बाई चुकीची वळली नाही. मला न ओरडता बोलता येत होतं. घरी जाताना घसा दुखत नव्हता, हे आठवतं.

पुढच्या आठवड्यात वर्ग संपल्यावर वहिनींनी बाजूला घेतलं.

“आता कसं स्पष्ट ऐकू येतंय. एक बोलू? तुमचा आवाज लईच घोगरा झालाय की. आधी त्या खरखरीत कळत न्हवतं.”

“इतकी वर्षं याच हॉलमध्ये ओरडून झालाय तो.”

“व्हय की. म्हणून तर म्हणतो, जरा विश्रांती घ्या. कॉलिंग आमची केतकी करील. तुम्ही पुढं उभं राहून स्टेप दाखवा.”

केतकी म्हणजे त्यांची सून. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, “माईक तेवढा तिला घालायला शिकवा. तुम्हाला त्यातलं कळतंय.”

शिकवलं. डबी कुठे अडकवायची, दांडी किती वाकवायची, सेल कधी बदलायचे. पोरीचा दोष नव्हता. तिनं नीट ऐकून घेतलं.

जिन्याजवळ मालतीताई भेटल्या. मला वाटलं, या तरी काही म्हणतील. म्हणाल्या, “तिचा आवाज गोड हाय. राग मानू नका.”

त्या महिन्याच्या शेवटी मी तो वर्ग सोडला. केतकी चांगलं करते असं ऐकते. माईक अजून बिघडलेला नाही.

आता जयसिंगपूरला वर्ग घेते. तिथंही मंडळ माईक घेऊन देत होतं, मी नको म्हटलं. माईक घेताना लोक रेंज विचारतात, बॅटरी विचारतात. तो कुणाचा असणार, हे आधी विचारावं. आता सेट माझा आहे, येताना पिशवीतून घरी आणते. आवाज घोगराच आहे. तो पहिल्याच दिवशी सगळ्यांना ऐकवला आणि मग वर्ग सुरू केला.