चंपाषष्ठीच्या आधीची वांगी

परवा चंपाषष्ठीच्या सकाळी मळमड्डीत आमच्या गल्लीत चांगलाच वाद झाला... आणि मी अजून खूश आहे.

आमच्या गल्लीत चातुर्मासात, थेट चंपाषष्ठीपर्यंत, वांगं कुणी घरात आणत नाही. आणि अळनावरकडच्या खेड्यातून भाजी घेऊन येणाऱ्या गंगाक्काची वांगी, तिच्या भाषेत बदनीकाई, नेमकी त्याच दिवसांत भरभरून येतात. भाव पाडून पाडून ती थकायची, उरलेली गाईंपुढे टाकून स्टेशनची वाट धरायची. यंदा श्रावणात म्हणाली, पुढच्या वर्षी वांगी लावणारच नाही.

माझं डोकंच फिरलं. भरपूर पिकतं तेव्हा तोंड फिरवायचं आणि चंपाषष्ठीला भरतासाठी तिच्याच टोपलीवर तुटून पडायचं, हा कुठला न्याय... मी पिशवीभर घेतली आणि घरी सांगून टाकलं, आजपासून वांगी होणार.

सासूबाई त्या दिवशी माझ्याशी बोलल्याच नाहीत. मग स्वतःची जुनी कढई वेगळी काढून दिली. त्या खाणार नव्हत्या, आणि अट एकच, गल्लीत कळता कामा नये.

म्हणून मी खिडकी लावून एण्णगाई, म्हणजे इकडची भरली वांगी, परतायची. नवरा भाकरीबरोबर मिटक्या मारत खायचा... त्याही हळू आवाजात.

तर परवा गंगाक्काभोवती सगळी गल्ली जमलेली. सासूबाईही पिशवी घेऊन हजर, मागे मी. भाव एकदम दुप्पट. शेजारच्या वहिनी तिच्यावर घसरल्या, आम्ही नेहमीची गिऱ्हाइकं आणि आम्हालाच लुटतेस का म्हणाल्या.

अक्का जागची हलली नाही. "चातुर्मासात ज्यांच्या घरात माझी बदनीकाई शिजली, त्यांना तेव्हाचाच भाव. बाकीच्यांना आजचा."

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. अक्कानं माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. मला अट आठवत होती, मी गप्प राहिले.

आणि सासूबाईंनी पिशवी पुढे केली. "आमच्या घरात शिजली. माझ्या कढईत. घाल."

अक्कानं तेव्हाच्याच भावानं वांगी पिशवीत घातली. मला तर सासूबाईंना तिथंच मिठी मारावीशी वाटली.

गंगाक्का पुढच्या वर्षीही वांगी लावणार आहे. आणि येत्या श्रावणात आमची खिडकी सताड उघडी असेल... ज्यांना वास सोसत नाही, त्यांनी आपली लावून घ्यावी.